बांध कोणी राखायचा?

पावसाळा लागला की सिंधुदुर्गनगरीहून जिल्ह्यातल्या धरणांच्या पाणीसाठ्याची यादी वर्तमानपत्रांकडे जाऊ लागते. तिलारी किती भरलं, देवघर किती, कोर्ले-सातंडी किती, हे आधी. मग लघु पाटबंधारे तलावांची रांग: शिवडाव, ओटाव, तरंदळे, आडेली, माडखोल, पोईप, शिरगाव, धामापूर. प्रत्येक नावापुढे टक्केवारी. देवगडचा वाचक कोर्ले-सातंडी आणि शिरगाव बघतो, मालवणचा धामापूर बघतो आणि पान उलटतो. या यादीत बांधकामाच्या सालाचा रकाना नसतो. असता, तर एका ओळीपाशी वाचणारा नक्की थबकला असता. बाकीची बहुतेक धरणं स्वातंत्र्यानंतरची. धामापूरच्या ओळीत साल आलं असतं १५३०.

पानिपतची पहिली लढाई होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून शंभर वर्षं होती. त्या काळी मातीनं घातलेला एक बांध आजही सरकारी यादीत नव्या धरणांच्या रांगेत उभा आहे, पाणी अडवतो आहे आणि शेतं भिजवतो आहे. देवगड आणि मालवण हे सख्खे शेजारी तालुके. मुणग्याहून आचऱ्याला गेलं की तालुका बदलतो, माती बदलत नाही. तोच जांभा, तोच सडा, तोच पाऊस. म्हणून देवगडातल्या एखाद्या म्हाताऱ्या होत चाललेल्या बंधाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न पडला, की मला आधी धामापूरचा मागोवा घ्यावासा वाटतो. या बंधाऱ्यांचा मूळपुरुष तिथं आहे.

मालवणहून कुडाळकडे निघालं की चौके मागे पडल्यावर धामापूर येतं. भगवतीचं देऊळ, देवळापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि समोर डोंगरांच्या मध्ये भरलेलं पाणी. भोवती झाडी इतकी दाट, की हे पाणी निसर्गानंच इथं साठवलं असणार असं समजून कितीतरी माणसं फोटो काढून निघून जातात. पाणी अडवणारी भिंत त्यांच्या लक्षातही येत नाही. ती मातीची आहे. लांबी २७१ मीटर, उंची ११ मीटर. तिनं ५५ हेक्टरांहून थोडी अधिक जमीन पाण्याखाली घेतली आणि २३७ हेक्टरांना पाणी दिलं. धामापूर आणि काळसे या दोन गावांची शेती त्यावर उभी राहिली. पुढे मालवण शहराचं पिण्याचं पाणीही इथूनच जाऊ लागलं.

बांधणारा नागेश देसाई, विजयनगरच्या राजांचा मांडलिक. त्याच्याबद्दल इतिहासानं फार थोडं राखून ठेवलं आहे, पण ‘विजयनगरचा मांडलिक’ हे दोन शब्द पुरेसे बोलके आहेत. घाटापलीकडे, तुंगभद्रेच्या काठी, तेव्हा तळी बांधण्याची विद्या ऐन भरात होती. कृष्णदेवराय १५२९ साली वारला. त्याच्या कारकिर्दीत राजधानीजवळ एक मोठा तलाव बांधला जात असताना डोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी तिथं होता. पंधरा-वीस हजार माणसं त्या बांधावर खपत होती, जमीन दिसेनाशी झाली होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आणि तो बांध दोन-तीनदा फुटला होता, हेही. एवढं मोठं साम्राज्य, एवढी माणसं, तरी माती ऐकत नव्हती. धामापूरचा बांध घालणाऱ्यांना ही उदाहरणं लांबची नव्हती.

त्या विद्येचा सगळ्यात स्पष्ट दाखला आंध्रात कडप्पा भागातल्या पोरुमामिल्लच्या तलावावर आहे. बुक्करायाचा मुलगा भास्कर, ज्याला भवदूर असंही म्हणत, त्यानं १३६९ साली शिलालेखात तलावाची बारा अंगं आणि सहा दोष कोरून ठेवले. शिलालेख म्हटलं की आपल्याला दानं, गावं आणि वंशावळी आठवतात. हा शिलालेख कामाच्या माणसानं कामाच्या माणसासाठी लिहिला आहे. धर्मशील आणि सधन राजा हवा. जलशास्त्र जाणणारा माणूस हवा. तळाची जमीन घट्ट चिकणमातीची हवी. गोड पाण्याची नदी हवी. डोंगर असा हवा, की त्याच्या दोन सोंडांमध्ये बांध बसेल, आणि तो बांध फार लांब नसावा, पण भक्कम असावा. जवळ दगडाची खाण हवी. भिजवायची जमीन सपाट आणि सुपीक हवी. आणि शेवटी, बांध घालण्यात तरबेज माणसांचा ताफा हवा. तिथं दोन वर्षं हजार मजूर बांधावर राबत होते आणि शंभर गाड्या दगड वाहत होत्या, हेसुद्धा लेखात आहे.

आता धामापूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. डोंगराच्या दोन सोंडा, त्यांच्यामधली अरुंद जागा, २७१ मीटरांचा आखूड बांध, आणि खाली काळशाकडे उतरत जाणारी भाताची जमीन. बारा अंगांतली जागेबद्दलची जवळजवळ सगळी इथं जुळतात. देसायानं तो लेख वाचला होता असं मला म्हणायचं नाही. मात्र जागा निवडणाऱ्याची नजर त्याच शाळेतली होती, याबद्दल मला शंका नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानं भारतातल्या ज्या चार जागांना जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला, त्यांत पोरुमामिल्ल होतं आणि धामापूरही. महाराष्ट्रातलं हे पहिलं. एका विद्येची दोन अपत्यं शतकांनंतर एकाच यादीत भेटली.

सहा दोषांत काय आहे? खारी माती, दोन राज्यांच्या सीमेवरची जागा, तलावाच्या मध्येच उंचवटा, पाणी थोडं आणि जमीन फार, जमीन थोडी आणि पाणी फार. आणि यादीत पहिला दोष: बांधातून पाणी पाझरणं. साडेसहाशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला हा दोष आजच्या पाटबंधारे खात्याच्या तपासणी अहवालात ‘गळती’ या नावानं येतो.

या वंशात आणखी मागं जायचं तर गिरनारला जावं लागतं. जुनागडजवळचं सुदर्शन सरोवर चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्तानं बांधलं, अशोकाच्या काळात तुषास्फानं त्याला पाट काढले. इसवी सन १५० च्या सुमाराला वादळी पावसात बांधाला ४२० हात लांबीचं खिंडार पडलं. महाक्षत्रप रुद्रदामनाच्या मंत्र्यांनी, सल्लागारांनी आणि कामकाज बघणाऱ्यांनीही, हात टेकले. एवढं खिंडार बुजणार नाही म्हणाले. लोक हवालदिल झाले. तेव्हा सुविशाख नावाच्या पल्हव अमात्यानं ते काम अंगावर घेतलं आणि बांध पहिल्याहून तिप्पट मजबूत करून दिला. रुद्रदामनाला या कामाचा केवढा अभिमान! लोकांवर कर न लादता, वेठ न लावता, स्वतःच्या खजिन्यातून केलं, असं त्यानं खडकावर कोरून ठेवलं. तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या काळात बांध पुन्हा फुटला, तेव्हा चक्रपालितानं तो पुन्हा उभा केला.

सुदर्शनाची ही हकीकत मी वाचतो तेव्हा मला बांधणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्यांची नावं मोलाची वाटतात. पुष्यगुप्त एक. त्याच्यानंतर तुषास्फ, सुविशाख, चक्रपालित. आठशे वर्षं ते पाणी राहिलं, ते या मागच्या तिघांमुळे आणि ज्यांची नावं कोरली गेली नाहीत अशा हजारोंमुळे. मातीचं धरण कधी बांधून पुरं होत नाही. दगडी भिंत बांधली की ती वर्षानुवर्षं आपल्या जोरावर उभी राहू शकते. मातीचा बांध दर पावसाळ्यात थोडा झिजतो, थोडा खचतो, थोडा पोखरला जातो, आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी तो थोडा पुन्हा बांधावा लागतो. म्हणून अशा धरणाचा इतिहास लिहायचा तर राखणाऱ्यांचा लिहावा लागेल. धामापूरला पाचशे वर्षांच्या घरात कोणी नेलं, हा खरा प्रश्न आहे.

देसायांच्या सत्तेचं पुढे जे व्हायचं ते झालं. विजयनगर १५६५ साली कोसळलं. या किनाऱ्यावर आदिलशाही होती, मग मराठे आले, करवीरकर आले, सावंतवाडीकरांशी भांडणं झाली, १८१२ साली मालवण इंग्रजांकडे गेलं. राजसत्ता इतक्या वेळा हात बदलत असताना बांध जागेवर राहिला, याचं उत्तर राजवाड्यांत सापडणार नाही. ते गावात शोधावं लागतं.

या पट्ट्यात गावऱ्हाटी होती आणि अजूनही बऱ्याच गावांत आहे. गावकर, मानकरी, बारा-पाचाची वहिवाट, देवळाच्या सदरेवर होणारे निवाडे, देवाला घातलं जाणारं गाऱ्हाणं. शेजारच्या गोव्यात हीच व्यवस्था गावकरी म्हणून होती आणि तिची लेखी साक्षही आहे: पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसो मेशिया यानं १५२६ साली तिसवाडीच्या गावकऱ्यांचे हक्क आणि रिवाज लिहून काढले. धामापूरच्या बांधाच्या आधी अवघी चार वर्षं. गोव्यातल्या खाजण शेतीचे खाडीकाठचे बांध, त्यांची मानसं म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची दारं, ही राखण्याचं काम नंतर कित्येक शतकं याच गावकऱ्यांनी केलं. पोर्तुगीजांनी त्यांना कोमुनिदाद म्हटलं. जमीन सामाईक, उत्पन्न सामाईक, म्हणून बांधाची काळजीही सामाईक. बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्याच कुणग्यांत शिरणार, हे ज्याला कळतं त्याला बांधावर जायला नोटीस लागत नाही.

देवगड-मालवणातही व्हाळावर दरवर्षी बांध घालायची रीत होती. भात कापून झालं, पाणी अजून वाहतं आहे, अशा दिवसांत वाडीतली माणसं जमायची. दगड, माती, झाडाच्या फांद्या, पेंढा घालून व्हाळ अडवायचा. पाणी पाटात चढायचं आणि पाटानं मळ्यात जायचं. त्यावर वायंगण भात व्हायचं, कुळीथ, चवळी, भाजी व्हायची. पुढचा मृग आला की पावसाच्या पहिल्या लोंढ्यात हा बांध वाहून जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. आज सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून घातला जाणारा वनराई बंधारा ही त्याचीच पुढची पिढी. या वार्षिक बांधामुळे एक गोष्ट झाली. पाण्याची आणि मातीची ओळख प्रत्येक पिढीच्या हाताला होत राहिली. कोणत्या व्हाळाची माती धरते, कोणती सुटते, पाणी कुठून वाट काढतं, हे पोरांना दहा-बारा वर्षांच्या वयात समजायचं. कायमच्या बांधाची राखण ही या वार्षिक सवयीचीच मोठी बहीण होती.

धामापूरला त्यात देवीची भर पडली. भगवतीच्या तळ्याबद्दल एक कथा सांगतात. घरात लग्न असलं आणि दागिने नसले, तर फुलांची परडी तयार करून पाण्यात सोडायची, देवीला मागणं घालायचं. परडी पाण्यात जायची आणि सोन्याचे दागिने घेऊन वर यायची. कार्य झालं की दागिने परत करायचे. पुढे कोणीतरी ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून देणं बंद झालं. पाणवठ्यांच्या अशा कथा महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. इथं मला तिच्यातला करार महत्त्वाचा वाटतो. पाणी देवीचं आहे, गावाला ते वापरायला मिळालं आहे, आणि घेतलेलं परत द्यायचं आहे. ज्या काठावर ही कथा आजी नातीला सांगते, त्या काठावरची झाडं तोडायला, पाण्यात घाण टाकायला माणूस दहादा विचार करतो. पाणलोटातली झाडी टिकली म्हणून गाळ कमी आला, आणि गाळ कमी आला म्हणून तलाव भरून गेला नाही. कितीतरी जुने तलाव बांध धड असताना गाळानं मेले आहेत.

इंग्रजी अमदानीत कोकणच्या छोट्या सिंचनाकडे सरकारनं फारसं बघितलं नाही. पैसा आणि इंजिनिअर देशावरच्या दुष्काळी भागाकडे गेले. कोकणात पाऊस पडतो, मग पाण्याची चिंता कसली, असा हिशेब. हा हिशेब अजून पुरता पुसला गेलेला नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शिमग्यानंतर सड्यावरच्या वाड्यांत विहिरी तळ दाखवतात. जांभा पाणी पितो आणि खाली सोडून देतो; उरलेलं व्हाळातून चार-सहा तासांत खाडीला मिळतं. पाणी पडतं त्या चार महिन्यांत कोणाला नको असतं, आणि हवं असतं तेव्हा ते समुद्रात असतं. देवगडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर धरणं आली, आणि राखणाऱ्याची जागा खात्यानं घेतली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, नंतर १९९७ च्या कायद्यानं कोकण पाटबंधारे विकास महामंडळ आलं. देवगड तालुक्यात कोर्ले-सातंडीसारखं धरण झालं, त्याची साठवण साडेपंचवीस दशलक्ष घनमीटरांच्या घरातली. त्याखालोखाल लघु पाटबंधारे तलाव, पाझर तलाव, गावतळी, साठवण बंधारे. सरकारी भाषेत त्यांची विभागणी भिजणाऱ्या हेक्टरांवरून होते: शंभर हेक्टरांपर्यंतची योजना जिल्हा परिषदेकडे, त्याच्या वरची स्थानिक स्तर किंवा जलसंधारणाकडे, आणखी मोठी जलसंपदा खात्याकडे. कागदावर हे नीट आहे. प्रत्यक्षात बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली, तर गावातल्या माणसानं कोणत्या कचेरीचं दार ठोठवायचं, हे गावात पाच जणांना विचारलं तर पाच उत्तरं येतात. बांध तोच, त्याच्याशी गावाचं नातं बदललं. तो सरकारचा झाला.

या बदलाची किंमत तिवऱ्यानं मोजली. चिपळूण तालुक्यातलं हे गाव आपल्यापासून फार लांब नाही, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. २३ माणसं गेली. धरणाला उणीपुरी वीस वर्षं झाली होती. भिंतीतून पाणी गळतं आहे, असं गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. पुढे तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी भिंत पोखरली असं म्हटलं, आणि राज्यभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. खेकडे मातीत बिळं करतात हे खरंच आहे; कुर्ली, घूस, उंदीर, वाळवी यांना बांधाची माती मऊ आणि ओलसर म्हणून आवडते, हे बांध घालणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तर बांधावर माणूस फिरता ठेवतात. बिळं दिसली आणि बुजवली गेली नाहीत, तर जाब माणसालाच द्यावा लागतो.

मातीचं धरण नेमकं कसं मरतं, हे थोडं जवळून बघितलं पाहिजे, कारण बांधाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला ते समजण्यासारखं आहे. अशा धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. इंजिनिअर त्याला हार्टिंग म्हणतात. तो खाली खंदकातून कठीण थरापर्यंत नेलेला असतो. दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला लाटांच्या माऱ्यासाठी दगडी पिचिंग, आणि खालच्या पायथ्याला दगडांचा टो, ज्यातून मुरलेलं पाणी निथळून बाहेर पडतं. म्हणजे पाणी पाझरणं हे धरलेलंच असतं. कोणताही मातीचा बांध पूर्ण कोरडा नसतो. प्रश्न पाझराच्या रंगाचा असतो.

जाणता पाटकरी पायथ्याशी गेला की पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत धरतो आणि उजेडाकडे करून बघतो. नितळ असेल तर बाटली ओतून पुढे जातो. पाणी किंचित दुधाळ किंवा तांबूस दिसलं, थोडा वेळ ठेवल्यावर तळाशी बारीक गाळ बसला, तर बांध आतून वाहतो आहे. पाण्याबरोबर मातीचा एकेक कण बाहेर पडतो आहे, आणि त्या कणांच्या जागी आत नळी तयार होते आहे. ती नळी खालच्या बाजूनं सुरू होते आणि मागे मागे सरकत साठ्यापर्यंत पोचते. पोचली, की मग काही तासांचाच अवधी असतो. आपल्याकडे यात जांभ्याखालच्या शेडी मातीची भर आहे. पांढरट-जांभळट, हाताला साबणासारखी लागणारी ही माती कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही आणि पाणी लागलं की वाहायला लागते. ज्या बांधाचा खंदक शेडीत थांबला, त्याच्यावर जास्त लक्ष हवं.

बाकीची चिन्हंही चालत्या माणसाला दिसतात. चैत्रात सगळं गवत वाळलेलं असताना बांधाच्या खालच्या उतारावर एका पट्ट्यात हिरवागार लव्हाळा उभा असेल, तर तिथं पाणी उगाच आलेलं नाही. माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग असेल, माथा एखाद्या ठिकाणी बसला असेल, रोयण, म्हणजे वारूळ, वाढली असेल, बांधावर आपोआप उगवलेली झाडं मोठी होत असतील, तर तीही चिन्हं आहेत. झाडं सावली देतात, पण त्यांची मुळं मेल्यावर कुजतात आणि पाण्याला तयार वाट मिळते. विमोचकाचा पाइप बांधातून जातो तिथला सांधा सगळ्यात नाजूक. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि पुणं बुडालं, ते मातीचं धरणही पुरं बांधून होण्याआधी पाण्यानं भरलं होतं आणि त्याच्या पोटातल्या पाणी सोडण्याच्या नळापाशीच ते खचलं. आणि सांडवा: त्यात झुडपं माजली, किंवा कोणी पाणी थोडं जास्त साठावं म्हणून दगड-फळ्या लावल्या, तर पावसाच्या एका रात्रीत पाणी माथ्यावरून जाऊ शकतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की काय होतं, ते शाळकरी मुलालाही सांगता येईल.

यातली कोणतीही गोष्ट बघायला यंत्र लागत नाही. बांधावरून चालत जाणारा माणूस लागतो, आणि दरवर्षी तोच किंवा त्याला ओळखणारा माणूस लागतो, कारण ‘गेल्या वर्षी इथं ओल नव्हती’ हे वाक्य नव्यानं आलेला अधिकारी बोलू शकत नाही. ज्या गावांत वायंगण थांबलं, मळे पडीक राहिले, पाट बुजले, तरणी माणसं मुंबईला गेली, त्या गावांत बांधावर जाण्याचं कारणच संपलं. ज्याच्या कुणग्यात पाणी जातं, तोच बांधावर जातो. देवगडात आंब्यानं पैसा दिला, आणि ते चांगलंच झालं. पण आंब्याची बाग सड्यावर असते, बांध व्हाळात असतो, आणि बागायतदाराच्या रोजच्या वाटेवर तो बांध येत नाही. म्हातारं झालेलं धरण वयामुळे धोकादायक होत नाही. त्याच्याकडे कोणी फिरकेनासं झालं, की ते धोकादायक होतं. धामापूरच्या शेजारी तिवरे ठेवून बघा: एकाला पाचशे वर्षं होत आली, दुसऱ्याला वीसही धड झाली नाहीत.

धरण सुरक्षा कायदा २०२१ साली संसदेनं केला आणि त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून तो लागू झाला. पंधरा मीटरांहून उंच धरणांना तो थेट लागतो. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर लागतो: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठवण किमान दहा लाख घनमीटर, किंवा पायाच्या खास अडचणी, अशा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे. पण दहा मीटरांच्या आतले बांध त्याच्या बाहेर राहतात, आणि देवगड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे बहुतेक गावतलाव, पाझर तलाव आणि बंधारे याच उंचीचे असतात. त्यांच्याखालीही घरं आहेत, गोठे आहेत, शाळेची वाट आहे.

या बांधांसाठी वेगळा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेनंतर पाऊस जेमतेम पाच आठवड्यांवर असतो, आणि चाकरमानीही तेव्हा गावात असतात. देवगडच्या ज्या ज्या गावात मातीचा बांध आहे, तिथल्या ग्रामसभेनं येत्या १ मे रोजी तीन गोष्टी कराव्यात. बांध कोणत्या खात्याकडे आहे ते लेखी विचारून घ्यावं. त्याची शेवटची तपासणी कधी झाली, तो अहवाल मागवावा. आणि मृगाच्या आधी एकदा, मग श्रावणात बांध भरलेला असताना पुन्हा एकदा, त्यावरून चालत जायला चार माणसं नेमावीत, त्यांतली दोन तिशीच्या आतली. त्यांची नावं त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.